दूर पाहणाऱ्या शब्दाची गोष्ट

दोस्तांनो, आधी ही तीन वाक्यं वाचा बरं.

पहिलं : "आजोबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं."
दुसरं : "दुर्बीण लावून शोधलंस तरी या पसाऱ्यात तुझं पेन सापडायचं नाही!"
तिसरं : "नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे."

तिन्ही वाक्यं तुम्ही कुठे ना कुठे ऐकली असतील. पण जरा विचार करा. आजोबांचं पित्ताशय काही चंद्रावर नाही, मग ते पाहायला दुर्बीण कशाला? पेन तर याच खोलीत आहे. आणि खोडदच्या त्या प्रचंड तबकड्यांना डोळा लावायला भोकच नाही! मग हे सगळं 'दुर्बीण' कसं काय?

या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर दुर्बिणीच्या आत नाही, तर दुर्बिणीच्या नावात डोकावायला हवं. यंत्रांच्या जन्माच्या गोष्टी आपण नेहमी वाचतो. आज एका यंत्राच्या बारशाची गोष्ट वाचू या. आणि हे बारसं काही साधंसुधं नव्हतं बरं का! ते झालं तेव्हा हे यंत्र खरं बोलतं की खोटं, यावर मोठमोठ्या विद्वानांमध्ये जोरदार वाद चालू होता.

यंत्र आहे, नाव नाही

साल १६०८. नेदरलँड्समधल्या मिडेलबर्ग गावात हान्स लिपरहे नावाचा चष्मे बनवणारा कारागीर राहत होता. त्याने एका नळीत दोन भिंगं बसवली आणि दूरच्या वस्तू जवळ दिसू लागल्या. त्याच्या दुकानात खेळणाऱ्या मुलांना ही युक्ती आधी सापडली, अशी एक गोष्ट सांगतात. तिला पुरावा मात्र नाही. पुरावा आहे तो लिपरहेच्या अर्जाचा. ऑक्टोबर १६०८ मध्ये त्याने देशाच्या सभेकडे या यंत्राचं पेटंट मागितलं, म्हणजे 'हे यंत्र बनवायचा हक्क माझ्याकडेच असू द्या' अशी विनंती केली.

पेटंट काही मिळालं नाही. कारण थोड्याच दिवसांत आणखी लोक पुढे आले. "आम्हालाही हे जमतं!" असं त्यांचं म्हणणं. यंत्र इतकं सोपं होतं की ते गुपित ठेवणंच कठीण. पण सभेने लिपरहेला अगदी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. दोन्ही डोळ्यांनी पाहता येतील अशी यंत्रं त्याच्याकडून बनवून घेतली आणि त्याचे चांगले पैसेही दिले.

ही बातमी वाऱ्यासारखी युरोपभर पसरली. १६०९ मध्ये ती इटलीत गॅलिलिओच्या कानावर गेली. त्याने स्वतः भिंगं घासून आधी तिप्पट, मग आठपट आणि वर्ष संपता संपता वीसपट मोठं दाखवणारी नळी तयार केली.

गंमत अशी, की यंत्र गावोगाव पोचलं तरी त्याला ठरलेलं नाव नव्हतं. गॅलिलिओ लॅटिनमध्ये लिहिताना त्याला 'पर्स्पिसिलम' म्हणायचा, म्हणजे 'ज्यातून आरपार पाहायचं ते'. इटालियनमध्ये बोलताना म्हणायचा 'ओक्कियाले', म्हणजे चष्माच! कुणी म्हणे डच नळी, कुणी म्हणे डच चष्मा. तुमच्या वर्गात नवीन मुलगा आला आणि पहिले आठ दिवस कुणी त्याला 'ए चष्मेवाल्या' म्हणालं, कुणी 'ए उंच' म्हणालं, तसाच हा प्रकार.

नळी खोटं बोलते?

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने ती नळी गुरू ग्रहाकडे वळवली. त्याला गुरूजवळ बारीक ठिपके दिसले. रोज रात्री ते जागा बदलत होते. आठवडाभरात त्याच्या लक्षात आलं, हे गुरूभोवती फिरणारे चार चंद्र आहेत! आकाशातलं सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, असं त्या काळी बहुतेक विद्वान मानत. आणि इथे तर चार गोल चक्क गुरूभोवती फिरताना दिसत होते. मार्च १६१० मध्ये त्याने हे सगळं एका छोट्या पुस्तकात छापलं आणि एकच खळबळ उडाली.

लोकांनी लगेच विश्वास ठेवला असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! एप्रिल १६१० मध्ये गॅलिलिओ आपली नळी घेऊन बोलोन्या शहरात गेला. वीसहून अधिक जाणकार मंडळी दोन रात्री तिच्यातून पाहत होती. पण गुरूचे चंद्र काही त्यांना नीट दिसेनात. तिथल्या मार्टिन हॉर्की नावाच्या तरुणाने तर केप्लर या प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञाला पत्र लिहून कळवलं, की ही नळी जमिनीवर कमाल करते, पण आकाशात मात्र फसवते.

हॉर्कीला आज हसणं सोपं आहे. पण त्याच्या जागी उभं राहून पाहा. त्या नळीतून पूर्ण चंद्रसुद्धा एका वेळी दिसत नसे, जेमतेम चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढं आकाश दिसायचं. हात जरा हलला की गुरू गायब! काच आजच्यासारखी स्वच्छ नव्हती, प्रकाशाच्या कडांना रंग फुटायचे, तारे दुहेरी दिसायचे. शिवाय पाहणाऱ्यांना सवय नाही. मग नळीतला ठिपका खरा चंद्र आहे की काचेतला दोष, हे ठरवायचं कसं? गुरूवर जाऊन तर कुणी खात्री करू शकत नव्हतं. पादुआचा एक नामवंत प्राध्यापक, क्रेमोनिनी, याने तर नळीला डोळा लावायलाच नकार दिला.

म्हणजे बघा, प्रश्न एका यंत्राचा नव्हता. आपल्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते एखादं यंत्र दाखवत असेल तर त्याचं ऐकायचं का, हा होता. आणि हा प्रश्न काही जुना झालेला नाही. रक्त तपासणीचा आकडा, एक्स-रे, उपग्रहाने पाठवलेलं वादळाचं चित्र, या सगळ्यांवर आपण विश्वास ठेवतो तो का?

मेजवानीतलं बारसं

आता या आपण रोमला. तारीख १४ एप्रिल १६११. शहरातल्या जानिकुलुम टेकडीवरच्या एका द्राक्षमळ्यात मेजवानी होती. यजमान होते फेदेरिको चेझी, वय अवघं सव्वीस! पण या तरुणाने अठराव्या वर्षीच मित्रांबरोबर एक विज्ञानसंस्था काढली होती. तिचं नाव 'लिंचेई', म्हणजे लिंक्ससारख्या तीक्ष्ण नजरेचे. लिंक्स हे एक रानमांजर. त्याची नजर फार तेज असते, असा समज होता. अशा तीक्ष्ण नजरवाल्यांनी गॅलिलिओच्या सन्मानासाठी ही मेजवानी ठेवली होती.

आणि त्या दिवशी फार शहाणपणाची एक गोष्ट झाली. मंडळींनी नळी नुसती आकाशाकडे नाही रोखली, ती जमिनीवरही रोखली. लागाल्ला नावाचे एक तत्त्वज्ञ तिथे हजर होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे, की सोळा इटालियन मैलांवरच्या टेकडीवरचा एक वाडा नळीतून असा दिसला, की त्याच्या लहानात लहान खिडक्यासुद्धा मोजता आल्या. आणि किमान दोन मैल दूर असलेल्या लॅटरन इमारतीवरची कोरलेली अक्षरं तर वाचता आलीच, पण अक्षरांमध्ये कोरलेले टिंबसुद्धा ओळखता आले.

यात शहाणपण कसलं, म्हणता? अहो, गुरूवर जाता येत नाही, पण लॅटरनला जाता येतं! कुणालाही वाटलं तर त्याने चालत जावं, अक्षरं वाचून यावं आणि नळी खरं बोलते की खोटं ते पडताळून पाहावं. ओळखीच्या गोष्टीवर यंत्राची परीक्षा घ्यायची आणि मगच अनोळखी गोष्टीबद्दल त्याचं म्हणणं ऐकायचं. डॉक्टर थर्मामीटर वापरतात, दुकानदार वजनकाटा वापरतो, त्यामागेही हीच युक्ती आहे.

याच मेजवानीत या यंत्राला नवं नाव मिळालं. ते सुचवलं ज्योव्हान्नी देमिसियानी या ग्रीक विद्वानाने आणि चेझींनी ते उचलून धरलं, असं मानलं जातं. ते नाव म्हणजे 'टेलिस्कोप'. अर्थ अगदी सरळ : दूरचं पाहणारा.

त्याच महिन्यात रोममधल्या ख्रिस्ती विद्यापीठातल्या गणितज्ञांनीही आपलं मत लेखी दिलं. गुरूभोवती खरोखरच चार गोल फिरताना दिसतात, असं त्यांनी मान्य केलं. चंद्रावर डोंगर आहेत की नाहीत, याबद्दल मात्र त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ गणितज्ञाचं, क्लाव्हियस यांचं, समाधान झालं नव्हतं. पण 'नळी फसवते' हा आरोप हळूहळू मागे पडला. चष्मा, नळी ही नावं मागे पडली आणि 'दूरचं पाहणारा' हे नाव उरलं.

आणि हे नाव देणारा देमिसियानी? त्याचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? टेलिस्कोप म्हटलं की आपण गॅलिलिओ म्हणतो. यंत्र पहिल्यांदा पुढे आणणारा लिपरहे आणि त्याला नाव देणारा देमिसियानी, दोघेही मागच्या बाकावरच राहिले!

टेलि अधिक स्कोप

आता हा शब्द उघडून पाहू. ग्रीक भाषेत 'टेले' म्हणजे दूर आणि 'स्कोपेइन' म्हणजे पाहणं, निरखणं. 'टेलि'वाले शब्द तुम्हाला भरपूर माहीत आहेत. टेलिग्राफ म्हणजे दूर लिहिणं, टेलिफोन म्हणजे दूरचा आवाज, टेलिव्हिजन म्हणजे दूरचं दर्शन. यात टेलिस्कोप सगळ्यांचा थोरला भाऊ! टेलिग्राफ शब्द आला १७९० नंतरच्या काळात, टेलिफोन त्यानंतर आणि टेलिव्हिजन तर १९०० साली.

'स्कोप'चं कुटुंबही असंच मोठं. लिंचेई संस्थेचेच एक सभासद, ज्योव्हान्नी फाबेर यांनी १६२५ मध्ये टेलिस्कोपवरूनच 'मायक्रोस्कोप' हे नाव काढलं. 'मायक्रो' म्हणजे बारीक. पेरिस्कोप म्हणजे भोवतालचं पाहणारा. कॅलिडोस्कोप म्हणजे सुंदर आकार दाखवणारा. होरोस्कोप म्हणजे वेळ पाहणारा, म्हणजेच जन्मकुंडली. यातला ग्रीक 'होरा' आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतही येऊन बसला आहे. 'होराशास्त्र' हा शब्द आजीला विचारा!

आणि स्टेथोस्कोप? 'स्टेथोस' म्हणजे छाती. म्हणजे छाती पाहणारा. पण डॉक्टर तर त्यातून ऐकतात! फ्रेंच डॉक्टर लाएनेक यांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव दिलं तेव्हा 'स्कोप'चा अर्थ नुसतं डोळ्यांनी पाहणं एवढाच उरला नव्हता. तपासणं असाही झाला होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

प्रश्नपत्रिकेतला नातेवाईक

आता खरी गंमत. टेलिस्कोपचा एक जवळचा नातेवाईक तुमच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत बसलेला असतो. ओळखा पाहू कोण?

"कारणे स्पष्ट करा." यातला 'स्पष्ट'!

संस्कृतमध्ये 'स्पश्' हा पाहणं या अर्थाचा धातू आहे. त्यावरून 'स्पष्ट' म्हणजे नीट दिसलेलं. 'स्पश' म्हणजे गुप्तहेर, सगळीकडे नजर ठेवणारा. आठवी-नववीत संस्कृत शिकणाऱ्यांना 'पश्यति' माहीत आहे, म्हणजे 'पाहतो'. तोही याच घरातला, फक्त सुरुवातीचा 'स्' गळालेला. भाषातज्ज्ञ सांगतात, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांची एक खूप जुनी पूर्वज भाषा होती आणि तिच्यात 'स्पेक्' असा पाहण्याचा धातू होता. लॅटिनमध्ये तो 'स्पेक्' असाच राहिला. इन्स्पेक्टर, स्पेक्टॅकल्स हे त्याचे वंशज, आणि गॅलिलिओचं 'पर्स्पिसिलम'सुद्धा. इंग्रजीतला 'स्पाय' त्याच कुळातला. ग्रीकांच्या तोंडी मात्र 'प' आणि 'क' यांची अदलाबदल झाली आणि झालं 'स्केप', 'स्कोप'. अक्षरांची अशी अदलाबदल बोलताना होतेच की! लहान मुलं 'चाकू'चा 'काचू' करतात, तसंच.

म्हणजे उद्या बाईंनी "स्पष्ट लिही" म्हटलं, तर त्या तुम्हाला टेलिस्कोपच्याच भाषेत बोलताहेत असं समजा.

आणि आपली दुर्बीण?

'दुर्बीण' हा शब्द आपण फारसीकडून घेतला. बाजार, जमीन, दरबार, पेशवा हे शब्द जसे आले तसाच हाही. फारसीत 'दूर' म्हणजे दूरच आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. हिंदीतला 'तमाशबीन' म्हणजे तमाशा पाहणारा, त्यातलाच हा 'बीन'. 'दूरबीन' मराठीत आली, 'न'चा 'ण' झाला, 'र' वर चढून रफार झाला आणि 'दुर्बीण' तयार झाली. त्यामुळे दुर्गंध, दुर्गुण यांतल्या 'दुर्'शी तिचा काही संबंध नाही. तो 'दुर्' म्हणजे वाईट. दुर्बिणीतला 'दुर्' म्हणजे साधा 'दूर'. आणि फारसी 'दूर' व संस्कृत 'दूर' हे एकाच पूर्वजाचे दोन वारस, म्हणून तो आपल्याला परका वाटतच नाही.

जगभर पाहा, बहुतेकांनी एकच विचार केलेला दिसतो. जर्मन म्हणतात 'फर्नरोर', म्हणजे दूरनळी. डच म्हणतात 'फेरकायकर', दूर बघणारा. चिनी आणि जपानी भाषांतल्या शब्दांचा अर्थ दूर पाहण्याची काच. आइसलँडचे लोक मात्र वेगळे. त्यांचा शब्द आहे 'स्योनौकी', म्हणजे नजर वाढवणारा! तुम्हाला कोणतं नाव जास्त बरोबर वाटतं?

भिंगालाही नाव मिळालं ते स्वयंपाकघरातून. 'लेन्स' हा लॅटिन शब्द, अर्थ मसूर! मधे फुगीर आणि कडेला पातळ. आईच्या डब्यातला अख्ख्या मसुराचा दाणा चिमटीत धरून पाहा, लगेच पटेल.

शब्द ताणला की...

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. शब्द लवचीक असतात, वापरता वापरता ताणले जातात. हातात धरायच्या जुन्या दुर्बिणी एकात एक बसणाऱ्या नळ्यांच्या असत. ओढल्या की लांब, ढकलल्या की आखूड. त्यावरून इंग्रजीत एकात एक सरकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला 'टेलिस्कोपिक' म्हणू लागले : घडीची छत्री, रेडिओची एरियल, कॅमेऱ्याच्या तिवईचे पाय. रेल्वेच्या टकरीत एक डबा दुसऱ्यात घुसतो, त्यालाही 'टेलिस्कोपिंग' म्हणतात. असं होऊ नये म्हणून डब्यांची खास रचना करावी लागते. एका शब्दात केवढी काळजी दडलेली!

आजोबांच्या ऑपरेशनची दुर्बीण म्हणजे लॅपरोस्कोप. पोटावर लहान छेद घेऊन आत घातलेली बारीक नळी. ती दूरचं पाहत नाही, पण जिथे डोळा पोचत नाही तिथे पाहते. म्हणून मराठी माणसाने तिला सरळ दुर्बीण म्हटलं.

आणि पुणे जिल्ह्यातलं खोडद? तिथल्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण, जीएमआरटी. ती ताऱ्यांचा उजेड पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते. तिला काच नाही, डोळा लावायची जागा नाही. पण 'स्कोप' म्हणजे तपासणं हे आठवतंय ना? स्टेथोस्कोप जसा ऐकून तपासतो, तशीच ही दुर्बीण. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात झेपावलेली जेम्स वेब दुर्बीणही आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपते. तिचा आरसा साडेसहा मीटर रुंद!

मग या यंत्रांवर विश्वास का ठेवायचा? तर रोमच्या टेकडीवर ठेवला त्याच कारणासाठी. जी दुर्बीण येते, तिला शास्त्रज्ञ आधी ओळखीच्या ताऱ्यांवर, ओळखीच्या स्रोतांवर तपासून घेतात. आधी लॅटरनची अक्षरं, मग गुरूचे चंद्र!

करून पाहा

घरात साधी दोन डोळ्यांची दुर्बीण असेल तर तुम्हीही हे करा. दिवसा दूरच्या दुकानाची पाटी दुर्बिणीतून वाचून कागदावर लिहा, मग चालत जाऊन तपासा. रात्री, गुरू आकाशात असेल तेव्हा, दुर्बीण भिंतीवर किंवा खांबावर घट्ट टेकवून त्याच्याकडे पाहा. शेजारचे बारीक ठिपके दिसले तर त्यांचं चित्र काढा, आणि असं चार रात्री करा. ठिपक्यांनी जागा बदलल्या का? बदलल्या असतील तर शाब्बास, चारशे वर्षांपूर्वीचा वाद तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी सोडवलात!

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभरही पाहू नका, डोळे कायमचे जातील. आईबाबांनो, दिवसा दुर्बीण मुलांच्या हातात असेल तेव्हा तुम्ही जवळ हवंच.

आणि हो, ते हरवलेलं पेन सापडलं का? आधी दप्तराचा बाहेरचा कप्पा पाहा. तिथे दुर्बीण लागत नाही!